गोड दुधाची धास्ती

माणूस गेला की त्याचे कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर येत. विमा कंपनीच्या मृत्युदाव्यांच्या विभागात त्यांची अख्खी नोकरी गेली होती, आणि तिथे बसून बसून मरण ही एक कागदोपत्री बाब आहे असं त्यांचं मत झालं होतं. कागद पुरे असले तर लवकर उरकते, नसले तर वर्षानुवर्षं रखडते. समोर बसलेली माणसं डोळे पुसत असायची आणि भाऊसाहेब पाण्याचा ग्लास पुढे सरकवून हळूच विचारायचे, "दवाखान्याचा मूळ दाखला आणलाय ना? झेरॉक्स नाही चालत." निर्दय नव्हते हो. उलट झेरॉक्स आणणाऱ्यांबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

असा माणूस स्वतःच्या बाबतीत भित्रा असेल असं कुणाला वाटेल? पण होता. नुसता भित्रा नव्हे, भित्रा आणि वर ऐटबाज. ही जोडी फार वाईट. नुसता भित्रा असतो तो डॉक्टरकडे पळतो, नुसता ऐटबाज असतो तो जातच नाही. भाऊसाहेब जायचे, आतून टरकायचे, आणि टरकलो हे कुणाला कळू नये म्हणून बाहेर आल्यावर डॉक्टरांना नावं ठेवायचे.

मधुमेह त्यांना बरीच वर्षं होता. दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे चाळिशीनंतर गुपचूप घरात शिरून बसणारा. त्याच्या गोळ्या ते रक्ततपासणीच्या आधीच्या आठवड्यात अगदी नेमाने घ्यायचे. तपासणी झाली की गोळ्यांनाही सुट्टी आणि भाऊसाहेबांनाही. वहिनींना (म्हणजे त्यांच्या बायकोला, पण सगळी इमारत वहिनी म्हणते तर आपणही म्हणू) हे पक्कं ठाऊक होतं. सोफ्याच्या फटीत, कोटाच्या खिशात, एकदा तर चष्म्याच्या घरात त्यांना गोळ्या सापडल्या होत्या. त्यामुळे "घेतली गं गोळी" या वाक्याला त्या घरात काडीची किंमत उरली नव्हती.

तर या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "उपाशीपोटीची साखर ठीक दिसतेय. तीन महिन्यांची सरासरी पुढच्या खेपेला बघू. पण तुमचं व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय हो. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या, दोन महिने. आणि सकाळी जरा उन्हात बसत जा."

"उन्हात?"

"हो. फुकट असतं ते."

हे फुकट भाऊसाहेबांना लागलं. मोठा आजार असेल तर माणसाला निदान काही प्रतिष्ठा असते. ऊन कमी पडलंय म्हणजे काय? कुंडीतल्या रोपाला सांगतात तसं!

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी निकाल जाहीर केला. समोर वहिनी होत्या आणि वरच्या मजल्यावर एकटी राहणारी त्यांची थोरली बहीण, ताई, होती. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. शाळेने तिला निरोप दिला होता, तिने शाळेला दिला नव्हता.

"थोतांड आहे सगळं," भाऊसाहेब म्हणाले. "आपल्या आजोबांनी कधी पुड्या घेतल्या होत्या?"

"आजोबा दिवसभर उघड्यावर असायचे," ताई म्हणाली. "तू दिवसभर ट्यूबलाइटखाली असतोस, बाळ."

छप्पन वर्षांच्या माणसाला कुणी बाळ म्हटलं की त्याच्याकडून समंजसपणाची अपेक्षा करू नये.

"मी ती पुडी घेणार नाही. एकसुद्धा नाही. लिहून ठेवा!"

 वहिनी भाताकडे बघत राहिल्या आणि ताई पाणी प्यायली. आपण जिंकलो, असं भाऊसाहेबांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी फोन बाहेर काढला. या बाई जगातली प्रत्येक बातमी मोठ्याने वाचून दाखवायच्या म्हणून सगळे त्यांना बातमीबाई म्हणायचे. "अय्या, हे ऐका," बातमीबाई म्हणाल्या. "मधुमेहाच्या रुग्णांमध्ये व्हिटॅमिन डी कमी असलं तर पुढे जाऊन हृदयाचे, मूत्रपिंडाचे त्रास जास्त आढळतात म्हणे. दीर्घकालीन परिणाम. अकाली मृत्यूसुद्धा!"

भाऊसाहेबांचा घास तोंडातच राहिला. इतर कुणी असता तर 'अकाली मृत्यू' ऐकून हळहळला असता. भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर अर्जाचा रकाना आला. त्या दुपारी त्यांनी टेबलावरचा सगळा गठ्ठा उलथून पाहिला. मधुमेह, हृदय. मधुमेह, मूत्रपिंड. पुन्हा मधुमेह. व्हिटॅमिन डीचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. म्हणजे ते कुणी तपासलंच नाही! इतकी माणसं गेली आणि खरं कारण रकान्यात आलंच नाही!

मग त्यांची नजर टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. त्या खुर्चीत त्यांना वहिनी दिसल्या. रुमाल मुठीत आवळून बसलेल्या, आणि दुसऱ्या हातात झेरॉक्स. ती नक्की झेरॉक्सच घेऊन येणार, भाऊसाहेबांच्या मनात आलं. तिला मूळ कागद कुठे ठेवलेत तेही माहीत नाही.  मला जगायचंय, असं त्यांना इतक्या स्पष्टपणे कधीच वाटलं नव्हतं, आणि तेही कोबीच्या भाजीच्या अर्ध्या डब्यासमोर.

आता सरळ मार्ग काय होता? घरी जाऊन म्हणायचं, "अगं, दे ती पुडी." संपलं असतं. पण काल रात्री लिहून ठेवा म्हटलेलं. ताई ते आयुष्यभर विसरली नसती. त्यांनी तिसरीत असताना केलेल्या चुकाही ती विसरली नव्हती. तेव्हा जीव वाचवायचा, पण कुणाच्या नकळत, असं भाऊसाहेबांनी ठरवलं.

सुरुवात त्यांनी उन्हापासून केली. घरात ऊन येत नव्हतं; समोरच्या उंच इमारतीने ते आधीच वापरून टाकलेलं असायचं. राहिली गच्ची. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे होती. ते पूर्वी कोर्टात कारकून होते आणि साधं "या, बसा" सुद्धा हुकूमनामा वाचल्यासारखं म्हणायचे.

"कारण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"जरा उन्हात बसावं म्हणतो."

"गच्ची कपडे वाळवण्यासाठी आहे. माणसं वाळवण्याची नियमात तरतूद नाही."

"अहो, पण सकाळी थोडा वेळ..."

"लेखी अर्ज द्या. सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो. सगळ्यांसमोर चर्चा होईल."

सगळ्यांसमोर! भाऊसाहेब घाईघाईने म्हणाले, "कपडेच वाळवायचेत."

"मग आधी तसं सांगायचं ना," म्हणत सेक्रेटरींनी किल्ली दिली.

तेव्हापासून भाऊसाहेब रोज सकाळी एका बादलीत एक शर्ट भिजवून गच्चीवर जाऊ लागले. तोच शर्ट. तो दोरीवर टाकायचा, पाण्याच्या टाकीआड जायचं, अंगातला शर्ट उतरवायचा आणि सूर्याकडे पाठ करून बसायचं. बातमीबाईंनीच एकदा वाचून दाखवलं होतं की कातडी उघडी हवी. समोरच्या इमारतीतल्या एका खिडकीचा पडदा पहिल्या दिवशी फाटकन बंद झाला. दुसऱ्या दिवशी शेजारचा एक पडदा उघडला. कोणत्या गोष्टीने जास्त लाज वाटावी हे भाऊसाहेबांना ठरवता येईना.

इमारतीत मात्र बोभाटा झाला. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई वहिनींना म्हणाल्या, "वहिनी, मशीन बिघडलं असेल तर आमच्याकडे टाका कपडे. भाऊसाहेबांना कशाला राबवता?" वहिनींना काही उमजेना. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, हा शर्ट रोज ओला कसा असतो?"

"घाम," भाऊसाहेब म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही हो त्या क्षणी.

"एवढा?"

"येतो हल्ली."

वहिनींचा चेहरा एकदम उतरला. मधुमेहाच्या माणसाला एवढा घाम येतो म्हणजे काय, हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असावं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तिथे कसली तरी खुडबुड करत राहिल्या. येताना दूध घेऊन आल्या.

गच्चीचं प्रकरण लवकरच आटोपलं. एका सकाळी जोराचा वारा सुटला आणि भाऊसाहेबांचा कोरडा शर्ट कठड्यावरून उडून थेट सेक्रेटरींच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर जाऊन पडला. त्याच वेळी खालून कुणीतरी गच्चीच्या दाराला कडी लावली. भाऊसाहेबांनी आधी सभ्यपणे दार वाजवलं, मग असभ्यपणे. शेवटी ओला शर्ट अंगात चढवून ते उभे राहिले, आणि दार उघडलं ते सेक्रेटरींनीच. त्यांच्या हातात कोरडा शर्ट होता. "हा वाळलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "तेव्हा आता तुमचं गच्चीवर काही काम उरलेलं नाही." दुसऱ्या दिवशी जिन्यात सूचना लागली की गच्चीवर अर्धवट कपड्यांत वावरू नये. नाव लिहिलेलं नव्हतं, पण लोक सूचना वाचून भाऊसाहेबांच्या दाराकडे बघायचे.

ऊन संपलं. राहिली पुडी.

ओळखीच्या औषधवाल्याकडे जाणं शक्यच नव्हतं. भाऊसाहेब दुसऱ्या वस्तीतल्या, जिथे कुणी कुत्रं ओळखत नाही अशा दुकानात गेले. चिठ्ठीवर अंगठा ठेवून स्वतःचं नाव झाकत त्यांनी ती पुढे केली.

"कुणासाठी?" औषधवाल्याने विचारलं.

"सासूबाईंसाठी."

"आठवड्याला एकच द्या हं त्यांना. जास्त नाही."

"छे छे. वय झालंय त्यांचं."

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण निदान या कामाला तरी उपयोगी पडल्या. दुकानातून बाहेर पडताना भाऊसाहेबांनी विचार केला: आठवड्याला एक, ही तर आपल्या कचेरीची चाल झाली. तळाला गेलेलं व्हिटॅमिन अशा चालीने वर येईपर्यंत माणूस वर जायचा. म्हणून त्यांनी आपल्या अधिकारात एक दिवसाआड एक असा निर्णय घेतला. कचेरीच्या जिन्यात उभं राहून ते पुडी थेट जिभेवर रिकामी करायचे. गोडसर लागायची. औषध गोड लागतंय म्हणजे बरं होतोय, असंही त्यांना वाटायचं.

आणि मग दूध गोड लागायला लागलं.

पहिल्यांदा त्यांना भास वाटला. त्या घरात दुधात साखर पडून युगं लोटली होती. वहिनींनी साखरेचा डबा अशा जागी ठेवला होता की तो काढायला स्टूल लागायचं. पण दूध गोड होतं. थोडंसंच, पण होतं. भाऊसाहेबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. नजर भिडताच त्यांनी मान वळवली.

द्रवली, भाऊसाहेब खूश होऊन मनात म्हणाले. इतक्या वर्षांनी द्रवली! बोललो तर बंद होईल म्हणून ते मुकाट्याने ग्लास संपवू लागले. "अजून अर्धा देऊ?" वहिनी विचारायच्या. अजून अर्धा! लग्न झाल्यापासून या बाईने कुठल्या गोष्टीचं अजून अर्धं देऊ केलं नव्हतं.

मग ताईकडचं टोमॅटोचं सूप गोड लागायला लागलं. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर वर जाऊन ताईकडे सूप प्यायचं हा त्यांचा जुना शिरस्ता होता. ताईचं सूप आजवर तिच्या स्वभावासारखंच होतं, आंबट आणि कडक. आता त्याला चक्क गोडवा आला होता. शिवाय ताई त्यांच्याशी चांगलं बोलायला लागली. "दमलास का रे?" म्हणाली एकदा. एकदा तर जाता जाता डोक्यावरून हात फिरवला.

जिना उतरता उतरता भाऊसाहेब थबकले.

या दोघी एकाच वेळी चांगल्या का वागतायत?

मृत्युदाव्यांच्या विभागात इतकी वर्षं बसलेल्या माणसाला याचं उत्तर शोधायला वेळ लागत नाही. किती बायका त्यांच्यासमोर बसून म्हणाल्या होत्या, "शेवटी शेवटी आम्ही त्यांना काही बंधन ठेवलं नाही हो. जे आवडेल ते दिलं." जे आवडेल ते दिलं! डॉक्टरीणबाईंनी यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलंय. थोडेच दिवस उरलेत. आता पथ्य कसलं, द्या त्याला गोड!

त्या दिवसापासून भाऊसाहेबांची झोप उडाली आणि वजन घटू लागलं. तहान तर अशी लागायची की कचेरीतला पाण्याचा जार दुपारीच तळाला जायचा, आणि मग दर थोड्या वेळाने उठून जावं लागायचं. पोट साफ होईना. अन्नावरची वासना उडाली. हातपाय गळल्यासारखे झाले. मधुमेहाच्या माणसाला तहान आणि लघवी वाढली की काय समजायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. भाऊसाहेबांनाही कळलं. साखर वाढलीय. शेवट जवळ आलाय. आणि तरी ही बाई रोज गोड दूध देतेय, म्हणजे तिनेही आशा सोडली.

विचारावं का? कितीदा ओठांवर आलं. "अगं, मला खरं काय ते सांग." पण विचारलं आणि तिने सांगितलं तर? म्हणून विचारायचं नाही, दूध प्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या जिन्यात आणखी एक पुडी. एक दिवसाआडची पुडी एव्हाना रोजची झाली होती.

तिकडे वहिनींच्या बाजूने बघा. नवरा तांबे तांबे पाणी पितोय, खंगतोय, आणि विचारलं तर "मला काय झालंय" म्हणून अंगावर येतोय. त्या बिचाऱ्या आणखी हळव्या झाल्या, आणि दूध आणखी गोड. भाऊसाहेब दुधाच्या ग्लासाकडे असे बघायचे जसं काही त्यात त्यांची तारीख लिहिलीय. दोघंही समोरासमोर बसून एकमेकांची काळजी करायचे आणि हवापाण्यावर बोलायचे.

शेवटी कचेरीतच गाडं अडलं. एका दुपारी भाऊसाहेबांचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. एका दाव्याचा अर्ज भरून त्यांनी पुढे सरकवला. बातमीबाईंनी तो सहीसाठी उचलला आणि सवयीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "मृताचे नाव..." आणि किंचाळल्या. भाऊसाहेबांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं होतं. पुढे मृत्यूचं कारणही होतं: मधुमेह, दीर्घकालीन. अक्षर मात्र नेहमीसारखं सुरेख.

"भाऊसाहेब, अहो, हे काय?"

"मूळ दाखला जोडायचा राहिलाय," भाऊसाहेब खोल आवाजात म्हणाले आणि खुर्चीतून घसरले.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्यांना आडवं केलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. वहिनी आल्या, मागोमाग ताई आली. वहिनींनी घरातल्याच सपाता घातलेल्या होत्या, एक एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या. भाऊसाहेबांना ते दिसलं आणि त्यांचे डोळे भरून आले. हिचं माझ्यावाचून कसं होणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी चेहरा भिंतीकडे वळवला.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"रक्तातलं कॅल्शियम भयंकर वाढलंय. तहान, बद्धकोष्ठ, गोंधळ, सगळं त्यामुळेच. आणि कॅल्शियम वाढलंय कारण व्हिटॅमिन डी..." त्या थांबल्या. "आमच्या मशीनला मोजता येत नाहीये इतकं आहे. मी आठवड्याला एक पुडी सांगितली होती ना?"

"पण ह्यांनी एकही घेतली नाही!" वहिनी रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "हे घेणार नाही म्हणाले, म्हणून मीच दुधात मिसळत होते. आधी आठवड्याला एकच हो. पण मग ह्यांना घाम यायला लागला. मग तहान. मला वाटलं, कमी पडतेय, म्हणून रोज..."

ताईचा चेहरा पांढरा पडला. "वहिनी, तू मिसळत होतीस?"

"हो. का?"

"मी सुपात मिसळत होते."

 मग भिंतीकडून भाऊसाहेबांचा बारीक आवाज आला.

"मी जिन्यात घेत होतो."

"कुठे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कचेरीच्या जिन्यात. रोज एक. सासूबाईंच्या नावावर."

"माझ्या आईच्या?" वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर काय गोंधळ उडाला तो विचारू नका. ताई वहिनींना म्हणाली, मला सांगायचं नाहीस? वहिनी ताईला म्हणाल्या, तुम्ही तरी सांगितलंत? आणि मग दोघी मिळून भाऊसाहेबांवर उलटल्या, जे न्याय्यच होतं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला तेव्हा सगळे गप्प झाले.

भाऊसाहेब उठून बसले. "म्हणजे ते गोड... ती साखर नव्हती?"

"साखर? मी तुम्हाला साखर घालीन?"

"मला वाटलं, माझे थोडेच दिवस राहिलेत. तुम्हा दोघींना डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून तू मला गोड देतेस. जाणाऱ्याला देतात तसं."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आधी त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्या अशा रडायला लागल्या की ताईला त्यांना धरून बसवावं लागलं. "आणि तुम्ही रोज गुपचूप प्यायचात?" त्या म्हणाल्या. "मरणार असं वाटत असताना? मला एका शब्दाने विचारलं नाहीत?"

"भीती वाटली गं," भाऊसाहेब म्हणाले. एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून त्या घराने कधी ऐकलं नव्हतं.

"आणि तो लेख, डॉक्टर?" त्यांनी मग डॉक्टरीणबाईंना विचारलं. "डी कमी असलं की मधुमेहाची माणसं लवकर जातात, तो?"

"कमी असणाऱ्यांमध्ये त्रास जास्त दिसतो, एवढंच त्यात असेल. सोबत दिसलं म्हणजे त्यानेच केलं असं नसतं. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही, त्याला ऊन मिळत नाही, त्याचंही डी कमीच भरतं. कमी असेल तर बेताने भरून काढायचं. पिंपाने नाही." त्यांनी रिपोर्टचं पान उलटलं. "डी उतरेल हळूहळू. पाणी भरपूर, पुड्या सगळ्या बंद, काही दिवस इथे मुक्काम. मला काळजी दुसऱ्याच आकड्याची वाटतेय. तीन महिन्यांची सरासरी आलीय. साखरेची. फार वाईट आहे. गोळ्या घेताय ना?"

 ताईने वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेबांनी पांघरुणाचं टोक नीट केलं. जीव वाचवण्याच्या त्या सगळ्या धामधुमीत मधुमेहाच्या गोळीला त्यांनी हात लावला नव्हता, आणि बाकी दोघींना तिची आठवणही झाली नव्हती.

"हृदय, मूत्रपिंड, डोळे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेखात वाचलंत ना ते सगळं? ते या आकड्याने होतं. तुमचं मूत्रपिंड आत्ता कसंबसं सावरतंय. पुढच्या वेळी सावरेलच असं मी सांगणार नाही."

त्या निघून गेल्यावर वहिनींनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "ऐका. आजपासून मी काही मिसळणार नाही. काही शोधणार नाही. सोफ्याच्या फटीत हात घालणार नाही. तुम्ही घेतली म्हणालात तर हो म्हणीन, नाही म्हणालात तर हो म्हणीन. मला तुमच्यावर पाळत ठेवून जगायचं नाही. मला तुम्ही हवे होता हो, म्हणून केलं सगळं. आणि मीच तुम्हाला मारलं असतं."

भाऊसाहेबांना ताईच्या रागाची सवय होती, वहिनींच्या रागाचीही होती. या शांतपणाची नव्हती. त्यांना त्या लेखाने जेवढं घाबरवलं नव्हतं तेवढं या चार वाक्यांनी घाबरवलं.

काही दिवसांनी ते घरी आले. वहिनी बोलल्या होत्या तसंच वागल्या. सकाळी नाश्ता टेबलावर आला, शेजारी गोळ्यांची डबी आली, आणि वहिनी आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. भाऊसाहेब डबीकडे बघत बसले. एक गोळी त्यांनी तळहातावर घेतली. कोट शेजारीच खुर्चीवर टांगलेला होता. सोफा तर हाताच्या अंतरावर. कुणी बघत नव्हतं. आणि कुणी बघत नाही याचीच त्यांना भीती वाटायला लागली, कारण या माणसाला ते पुरतं ओळखून होते.

"अगं, ए," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे ये."

"काय हवंय?"

"काही नको. ये तर."

वहिनी हात पुसत दारात आल्या. "मी बघणार नाही सांगितलंय ना?"

"सांगितलंयस. पण तू बघ," भाऊसाहेब म्हणाले. "मी सांगतोय म्हणून बघ. माझ्यावर माझा भरवसा नाही गं."

 वहिनी खुर्ची ओढून समोर बसल्या. भाऊसाहेबांनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा मोठा घोट घेतला, गिळली. आणि मग, कुणी सांगितलं नसताना, मृत्युदाव्यांच्या विभागातल्या त्या माणसाने डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरासारखा मोठा आ वासला, जीभ वर उचलून, डावीकडे करून, उजवीकडे करून.

वहिनींनी वाकून सावकाश, नीट, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"मिटा आता," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा बघीन."